पाणी कोण घालतं?

माझ्या सासऱ्यांच्या उजव्या अंगठ्याचं नख बाकीच्या नखांपेक्षा चांगलं अर्धा इंच लांब आहे. ते मुद्दाम वाढवलेलं आहे आणि त्यावरून अर्धं शहर त्यांना नखवाले म्हणतं. झुडपाची फांदी हातात धरायची, सालीवर नखाने बारीक ओरखडा काढायचा आणि आत कुठला रंग दिसतो ते बघायचं. हिरवा दिसला तर फांदी जिवंत, तपकिरी दिसला तर मेलेली. या कामाला लोक चाकू वापरतात. बाबांच्या मते चाकूला कुठे थांबायचं ते कळत नाही. सासूबाईंना त्या नखाचा मनस्वी तिटकारा होता. ते नख घेऊन स्वयंपाकघरात यायचं नाही, असा त्यांचा दंडक होता आणि बाबा तो पाळायचे. पाण्याचा ग्लाससुद्धा दारात उभं राहून मागायचे.

बाबा एकतीस वर्षं एका रोपवाटिकेत नोकरीला होते. निवृत्त झाल्यावर लोकांची कुंपणं तपासायला जाऊ लागले. फुलझाडांत त्यांना फारसा रस नाही. बारा महिने हिरवी राहणारी झुडपं, त्यातही मोरपंखी, हा त्यांचा प्रांत. "फुलझाड बोलून दाखवतं," ते म्हणतात. "मोरपंखी आतल्या आत मरते आणि दोन महिन्यांनी कळवते." म्हणजे पान तपकिरी पडलेलं दिसतं तेव्हा घडायचं ते कधीच घडून गेलेलं असतं. आणि तपकिरी झालेलं पान पुन्हा हिरवं होत नाही. हे वाक्य ते प्रत्येक गिऱ्हाइकाला सुरुवातीलाच ऐकवतात. गिऱ्हाइकाचा चेहरा पडतो, तो पडू देतात आणि मगच पिशवी उघडतात.

सासूबाई गेल्या त्याला आता वर्ष होत आलं. पोटात दुखतंय म्हणून तपासायला गेल्या आणि पाचव्या दिवशी संपलं. कोणी रडलं नाही. माझा नवरा नाही, बाबा नाहीत. मला वाटलं होतं निदान मला रडू येईल, कारण आमचं फारसं पटत नव्हतं आणि अशा वेळी न पटणाऱ्यांनाच जास्त भरून येतं म्हणतात. मलाही आलं नाही. दाताला इंजेक्शन दिल्यावर गाल आपला असून आपला वाटत नाही, तसं सगळं घर झालं होतं. जेवण व्हायचं, कपडे वाळायचे, दिवे वेळेवर लागायचे. बोलणं तेवढं बंद पडलं. भांडण असतं तर मी चार गोष्टी सुनावून मोकळी झाले असते, तो माझा स्वभावच आहे. पण भांडायला कोणी तयार नव्हतं. विचारलं त्याचं उत्तर मिळायचं आणि मागितली ती वस्तू पुढे यायची.

मी लोकांना गाडी चालवायला शिकवते. सकाळी चार शिकवण्या आणि संध्याकाळी दोन, मधली दुपार मोकळी. बाबांची स्कूटर सासूबाईंच्या नंतर एकाएकी सुटली. भीती वगैरे काही नाही, नुसतं "नको वाटतं" म्हणाले. मग दुपारी त्यांना गिऱ्हाइकांकडे मी नेऊ लागले. नवऱ्याने सुचवलं आणि मीही हो म्हटलं. घरात बसून भिंतींकडे बघण्यापेक्षा ते बरं होतं.

आमच्या अंगणात सासूबाईंच्या अकरा मोरपंख्या होत्या. रोपवाटिकेत न खपलेली, वाकडी, एका अंगाने बोडकी रोपं बाबांनी घरी आणली होती. सासूबाईंनी ती भिंतीलगत लावली आणि डोक्याच्या वर नेली. त्यांना पाणी घालायचं ते फक्त सासूबाईंनी, पत्र्याच्या एका हिरव्या झारीने. ती झारी मागच्या दाराशी खिळ्याला टांगलेली असायची. लग्न होऊन आले त्याच महिन्यात मी ती एकदा उचलली होती. सासूबाई म्हणाल्या, "राहू दे. तुझा हात जड आहे." नऊ वर्षं मी ते वाक्य सांभाळून ठेवलं. झारीला परत हात लावला नाही.

त्या गेल्यावर दोनेक महिन्यांनी मोरपंख्या निस्तेज दिसू लागल्या. आधी रंग उतरला, मग खालच्या फांद्या पिवळट झाल्या आणि मग तपकिरी. बाबांनी दुसऱ्याच दिवशी पिशवी घेऊन अंगणात मुक्काम ठोकला.

त्या पिशवीबद्दल सांगायला हवं. तिच्यात पांढरे पुठ्ठे, एक भिंग, एक खुरपं, एक कात्री आणि स्पिरिटची बाटली. एका झुडपावरून दुसऱ्याकडे जाताना कात्री स्पिरिटने पुसायचीच, नाहीतर रोग आपणच वाटत सुटतो. बाबांची पद्धत ठरलेली आहे. आधी लांब उभं राहून बघायचं. एकाच बाजूने तपकिरी असेल तर त्या बाजूला काय आहे ते शोधायचं: तापणारी भिंत, रस्ता, कुत्र्यांची ये-जा. आतून तपकिरी आणि बाहेरून हिरवं असेल तर घरी जायचं, कारण तो रोग नव्हेच. जुनी पानं गळायची ती गळतात. एका शाळेच्या मुख्याध्यापकांनी तेवढ्यासाठी अख्खं कुंपण उपटायला माणसं बोलावली होती. बाबांनी फांद्या बाजूला करून आतला पाचोळा दाखवला आणि म्हणाले, "साहेब, हे वय आहे. यावर औषध असतं तर मी आधी घेतलं असतं." तीन महिन्यांत त्यांनी केलेला तो एकमेव विनोद. तोही न हसता केला.

लांबून बघून झालं की जवळ जायचं. फांदीखाली पांढरा पुठ्ठा धरून फांदीवर चापट मारायची. पुठ्ठ्यावर ठिपके पडतात. ठिपके चालू लागले आणि बोट फिरवल्यावर लालसर रेघ उमटली तर लाल कोळी, पानांचा रस शोषणारी बारीक कीड. दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यासमोर तसं निघालं. बाईंनी आधीच तीन जहाल औषधं मारून ठेवली होती. बाबा म्हणाले, "ताई, तुम्ही कोळी खाणाऱ्या किड्यांना मारलंत. कोळी मजेत आहेत." त्यांनी उपाय सांगितला तो साधा होता. आठवडाभर रोज सकाळी पानांच्या खालून वरून पाण्याचा जोरदार फवारा, नंतर निंबोळी तेल. बाईंना तो फार स्वस्तातला वाटला असावा, कारण त्यांनी दोनदा विचारलं, "एवढंच?"

आणि या सगळ्याच्या आधी, दारात चपला काढता काढताच, बाबांचा पहिला प्रश्न असायचा: "पाणी कोण घालतं?" किती घालता, कधी घालता, हे नंतर. आधी कोण. बहुतेक ठिकाणी लोक एकमेकांकडे बघायचे. मग बाबा वाकून मातीत बोट खुपसायचे, दुसऱ्या पेरापर्यंत, आणि मग ते रुमालाला पुसायचे.

घरी त्यांनी सगळं केलं. लांबून पाहिलं, पुठ्ठा धरला. पुठ्ठा स्वच्छ. भिंगाने पानांवर बुरशीचे ठिपके शोधले, मिळाले नाहीत. भिंत तापते का म्हणून दुपारी तिला हात लावून आले. आमच्या गल्लीत कुत्रं एकच आणि ते म्हातारं, पायऱ्यासुद्धा चढत नाही. तरी बाबांनी एक फवारणी केली, पंधरा दिवसांनी दुसरी केली. तपकिरी रंग वर चढतच राहिला. जीव टांगणीला लागल्यासारखे ते रोज अंगणात एक फेरी मारायचे आणि आत येऊन खुर्चीत बसायचे. मी विचारायचे, "काय दिसतंय?" ते म्हणायचे, "बघू."

एकच गोष्ट त्यांनी केली नाही. मातीत बोट घातलं नाही. सासूबाईंनी बुंध्यांभोवती वाळक्या पानांचा जाड थर दिलेला होता, तो त्यांनी बाजूलाही केला नाही. मला ते तेव्हा खटकलं नाही. खटकलं असतं तरी मी बोलले नसते, कारण पाण्याच्या विषयात माझे स्वतःचे हात गुंतलेले होते.

ते किती खोल गुंतले होते ते मला एका गुरुवारी दुपारी कळलं. एका कारखान्याच्या फाटकाशी मोरपंख्यांची रांग होती. वरून पार वाळलेली, पानं चुरगळणारी. पहारेकरी म्हणाला, "काका, मी रोज भरपूर पाणी देतो. जेवढी सुकतात तेवढं जास्त देतो." बाबांनी बोट घातलं, मग खुरपं घेतलं आणि एक मूळ वर काढलं. काळं होतं, मऊ. चिमटीत धरून ओढल्यावर त्याची साल मोज्यासारखी निघून आली. वास आला, तुंबलेल्या मोरीचा.

"हे तहानलेलं नाही," बाबा म्हणाले. "बुडालंय. मुळं सडली की ती पाणी ओढत नाहीत, मग वरून तहानलेलं दिसतं. तुम्ही आणखी घालता, ते आणखी सडतं. चांगली माणसंच करतात हे. ज्यांना फिकीर नसते त्यांची झाडं या रोगाने मरत नाहीत."

येताना मी गाडी चालवत होते आणि रोजच्या रस्त्यावर दोन वळणं चुकले. कारण गेले चार महिने आमच्या मोरपंख्यांना मी पाणी घालत होते.

सासूबाई गेल्यावर आठवड्याने मी मागच्या दाराशी गेले तेव्हा झारी खिळ्याला होती तशीच होती, कोरडी ठणठणीत. कोणाच्या लक्षातच नाही, मला वाटलं. बायको गेली, आई गेली आणि तिची झाडं यांच्या खिजगणतीत नाहीत. राग आला. झारीला हात लावायची मला बंदी होती, म्हणून स्वयंपाकघरातला प्लास्टिकचा जग घेतला आणि दुपारी घरात कोणी बघत नाही असं पाहून अकरा झाडांना अकरा जग घातले. मग रोजच. झाडं सुकायला लागली तेव्हा दोन-दोन. कोणाला सांगितलं नाही. का सांगायचं? विचारलं कोणी?

म्हणजे मारलं मी. त्यांनी नऊ वर्षांपूर्वी सांगितलं होतं, तुझा हात जड आहे, आणि मी ते सिद्ध करून दाखवलं. गाडी फाटकाशी लावली. बाबा उतरून गेले तरी मी तशीच बसून राहिले. मला अपराधी वाटायला हवं होतं आणि वाटत होतं, पण दुसऱ्या कोणाची तरी बातमी ऐकावी इतकं दुरून.

दोन दिवस मी मूग गिळून बसले. रविवारी सकाळी आम्ही तिघं चहाला टेबलाशी होतो. नवरा वर्तमानपत्राचं एकच पान केव्हाचा धरून बसला होता. बाबा खिडकीतून अंगणाकडे बघत म्हणाले, "काढून टाकावी म्हणतो. सगळीच. मला कळत नाहीये काय झालंय ते." एकतीस वर्षांच्या नोकरीत हे वाक्य ते कधी बोलले नसतील.

"मला माहीत आहे," मी म्हटलं. "मी पाणी घालते. रोज दुपारी. जगाने. आधी एक, आता दोन. मी मारली आईंची झाडं."

नवऱ्याने वर्तमानपत्र खाली ठेवलं, घडी घातली, परत उलगडलं.

"मी पण घालतो," तो म्हणाला. "ऑफिसातून आलो की. तुझी शिकवणी असते तेव्हा आणि बाबा बागेपर्यंत फिरायला जातात तेव्हा. बादलीने." मग म्हणाला, "झारी कोरडी असायची. मला वाटलं तुम्ही दोघं विसरलात."

मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी हातातला कप बशीत ठेवला.

"मी पहाटे घालतो," ते म्हणाले. "पाईपने. एक दिवसाआड, मोजून. म्हणून मी कधी माती बघितली नाही. मला माहीत होतं पाणी बरोबर आहे."

त्यांनी लोकांना शेकडो वेळा विचारलेला प्रश्न या घरात एकदाही विचारला नव्हता, कारण उत्तर आपण आहोत अशी त्यांची खात्री होती. आणि आम्ही तिघांनीही एकच चूक केली होती. त्या झारीला हात लावायची कोणाची छाती झाली नव्हती आणि त्या कोरड्या झारीकडे बघून प्रत्येकाने ठरवलं होतं की बाकीचे दोघं कोरडे आहेत.

बाबा उठले आणि पिशवी घेऊन अंगणात गेले. आम्ही मागोमाग. त्यांनी पहिल्या झाडाखालचा वाळक्या पानांचा थर दोन्ही हातांनी ओढून काढला. वरची पानं कुरकुरीत, खालची लगदा. बोट घातलं ते सहज आत गेलं. बाहेर काढलं तेव्हा चिखलाने माखलेलं होतं.

मग त्यांनी नख लावलं. इतके दिवस त्या अकरांपैकी एकालाही त्यांनी नख लावलं नव्हतं, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं. एकेक बुंधा, जमिनीपासून वीतभर वर, एक ओरखडा. पहिलं हिरवं. दुसरं हिरवं. तिसऱ्याशी ते वाकून राहिले. मग थोडं खाली दुसरा ओरखडा काढला, आणखी खाली तिसरा.

"हे गेलं," ते म्हणाले.

चार महिन्यांत हा शब्द आमच्या घरात कोणी उच्चारला नव्हता. फोनवर आम्ही "आई आता नाहीत" म्हणायचो, "झालं ते अचानक झालं" म्हणायचो. बाबा पुढच्या झाडाकडे सरकले. कात्री पुसली, नख पुसलं. पाचवं गेलं, सहावं गेलं, दहावं गेलं. प्रत्येक वेळी त्यांनी ते तेवढ्याच आवाजात सांगितलं आणि शेवटी भिंतीशी मातीतच बसले. नवरा त्यांच्याशेजारी बसला. मी उभी होते. मला काही वाटत नव्हतं आणि काही वाटत नाहीये याची लाज वाटत होती.

सात उरली. दिवसभर आम्ही खणलं. बाबा सांगायचे, आम्ही करायचो. बुंध्याजवळची माती मोकळी केली, काळी मुळं कात्रीने पांढऱ्या गाभ्यापर्यंत कापली, जाड वाळू मिसळली, बुंध्यांभोवती उंचवटा केला आणि भिंतीलगत पाणी निघून जायला चर काढला. बुरशीचं औषध एकदाच मुळांशी ओतलं. नवऱ्याने खताचं पोतं आणलं होतं. बाबा म्हणाले, "ते ठेव. आजारी माणसाला मेजवानी देत नाहीत." तपकिरी फांद्या कापू दिल्या नाहीत. नख लावून मेल्याची खात्री झाली तेवढ्याच काढल्या.

"आता?" मी विचारलं.

"आता काही नाही. पाणी बंद. माती सुकेपर्यंत कोणी काही करायचं नाही."

ते सगळ्यात अवघड गेलं. पहाटे बाबा उठून दारात उभे राहायचे. संध्याकाळी नवरा बॅग खांद्याला तशीच ठेवून अंगणात थांबायचा. दुपारी मी जग धुऊन पालथा घालायचे. आता लपवायचं काही नव्हतं, त्यामुळे आम्ही एकमेकांना दिसायचो. दिसल्यावर काहीतरी बोलावं लागतं. "आज ऊन बरं आहे," नवरा म्हणायचा. "हं, सुकेल," मी म्हणायचे. नऊ वर्षांच्या संसारात आम्ही उन्हावर इतके कधी बोललो नव्हतो.

तेवढ्या दिवसांत एकदा बाबा म्हणाले, "सुकल्यावर पाणी एकानेच घालायचं. मी गिऱ्हाइकांना सांगतो तेच. तू घाल."

"मी नको," मी म्हटलं. "माझा हात जड आहे. आई म्हणायच्या."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "अगं, ती मलाही तेच म्हणायची. मी एकतीस वर्षं रोपवाटिकेत आणि अंगणात झारीला हात लावायची परवानगी नाही."

"मलाही म्हणायची," नवरा आतून म्हणाला. "शाळेत होतो तेव्हापासून."

नऊ वर्षं ते वाक्य मी माझ्या एकटीचं म्हणून मिरवत होते. सासूबाईंनी ते सगळ्यांना वाटून दिलं होतं, कारण त्यांना पाणी स्वतः घालायचं होतं, बाकी काही नाही. मी हसले की काय केलं ते मला नीट आठवत नाही.

चोविसाव्या दिवशी बोट कोरडं बाहेर आलं. माती वरून भुसभुशीत आणि आत कोरडी होती. मी दारातून सांगितलं, "सुकली." दोघंही बाहेर आले. सात झाडांपैकी पाचांच्या शेंड्यांना, नीट वाकून पाहिलं तर, नवा पोपटी रंग होता. तांदळाच्या दाण्याएवढा. उरलेल्या दोन झाडांचं अजून काही सांगता येत नव्हतं.

मी खिळ्यावरून झारी काढली. तोंडाशी कोळ्याने जाळं विणलं होतं, ते पुसलं. नळाखाली भरली. वाटली होती त्यापेक्षा हलकी होती. पहिल्या झाडाशी गेले आणि थांबले.

"किती घालायच्या आई?" मी विचारलं.

नवऱ्याने बाबांकडे पाहिलं. बाबांनी झारीकडे पाहिलं.

"माहीत नाही," बाबा म्हणाले. मग म्हणाले, "सगळ्या गावाला विचारत फिरलो. तिला कधी विचारलं नाही."

मीही स्वयंपाकघराच्या खिडकीतून नऊ वर्षं त्यांना रोज बघितलं होतं. कंबरेवर एक हात, दुसऱ्यात झारी. कधी कोणत्या झाडाशी किती वेळ थांबतात ते मोजलं नव्हतं. मग मला रडू आलं, साधं, नाक गळणारं रडू, आणि झारी हातात असल्यामुळे ते पुसताही येईना. नवऱ्याने झारी धरायला हात पुढे केला. मी दिली नाही.

"थोडं घाल आणि थांब," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज बिघडला होता. "मुरलं की परत घाल. आम्ही बघतो."

मी घालू लागले. ते दोघं माझ्या दोन्ही बाजूंना येऊन उभे राहिले, मी कुठे थांबते ते बघत.

"पाव झारी झाली," नवरा म्हणाला.

"नीट मोज," बाबा म्हणाले.